रिक्षाचं भाडं ते मंडळाची वर्गणी: प्रोग्रॅमिंग अगदी पहिल्यापासून कसं शिकायचं

रविवारी सकाळी दहा ते बारा मी लालबागमधल्या एका मंडळाच्या खोलीत प्रोग्रॅमिंग शिकवतो. येणाऱ्यांत औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा आहे, बी.कॉम. करून अकाउंट्समध्ये लागलेली मुलगी आहे, घरी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत आणि बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आहेत. पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "इंग्रजी कच्चं आहे, गणितही बेताचंच. मला जमेल का?"

आधी या प्रश्नाचंच उत्तर देतो, कारण पुष्कळ जण इथूनच मागे फिरतात.

आपण जी भाषा शिकणार आहोत त्या पायथनमध्ये राखीव शब्द, म्हणजे ठरावीक अर्थ असलेले भाषेचे स्वतःचे शब्द, फक्त ३५ आहेत. पहिल्या दोन महिन्यांत त्यातले दहा-बारा पुरतात: इफ, एल्स, फॉर, व्हाइल, डेफ, रिटर्न, इन, अँड, ऑर, नॉट, इम्पोर्ट. ज्याला स्टेशनवरचे इंडिकेटर वाचता येतात त्याला हे शब्द पाठ व्हायला आठवडासुद्धा लागत नाही. गणित म्हणाल तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि टक्केवारी. वाण्याचं बिल तपासता येतं ना? मग झालं.

लागतं ते वेगळंच. एखादं काम कोणत्या क्रमाने होतं हे एकही पायरी न गाळता सांगता आलं पाहिजे. कंडक्टर काकांना 'इफ' आमच्यात सगळ्यांत आधी कळलं, ते याचमुळे. आयुष्यभर त्यांनी टप्पे मोजून तिकिटं फाडली होती. "या टप्प्यापर्यंत इतके, त्याच्या पुढे गेलं की इतके" हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. प्रोग्रॅम म्हणजे याहून फार वेगळं काही नसतं. म्हणून माझा पहिला नियम: आधी वहीत मराठीत पायऱ्या लिहायच्या, मगच कीबोर्डला हात लावायचा. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच नियमावर उभं आहे.

यंत्र कोणतं लागेल

नवा लॅपटॉप घेऊ नका. घरात पडून असलेला जुना, ४ जीबी रॅमचा लॅपटॉपही चालतो. आपल्या मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक कामाला लागला. देशातच घडवलेला तो संगणक. त्याची स्मृती होती जेमतेम १० केबी. आज व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली, तेव्हा तुमच्या लॅपटॉपला कमी लेखू नका.

विकत घ्यायचाच असेल तर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, जुने लॅपटॉप मिळतात. घेताना फाइली साठवायला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, आहे ना, हे बघा. वेगातला खरा फरक तिथेच पडतो. दुकानातच नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबून बघा. कंस, कोलन, अवतरणचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह यांच्या की तर नक्कीच, कारण दिवसभर याच लागतात. बिल आणि वॉरंटी कागदावर घ्या.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर 'पायड्रॉइड ३' हे ॲप टाकून सुरुवात करता येते. शिवणकामवाल्या ताईंनी पहिला महिना फोनवरच काढला. पण खरं सांगायचं तर फोनच्या कीबोर्डवर कंस शोधताना डोक्यातला विचार तुटतो. महिनाभरात कुणाचा तरी लॅपटॉप आठवड्यातून दोनदा मिळेल अशी सोय बघा.

पायथनच का

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथन पहिल्यांदा लोकांसमोर आणली. भाषा जुनी आहे, फुकट आहे आणि वाचायला सोपी आहे. सी किंवा जावामध्ये एक वाक्य पडद्यावर आणायलाही आजूबाजूला बरंच काही लिहावं लागतं, आणि ते का लिहायचं हे सुरुवातीला कुणी समजावू शकत नाही. पायथनमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते. तुमच्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात सी असेल तर मात्र सीच शिका, दोन दगडांवर पाय ठेवू नका. बाकीच्यांनी भाषा निवडण्यात तासभरही घालवू नये. एक भाषा नीट आली की दुसरी काही आठवड्यांत येते.

बसवायचं कसं

नवख्यांसाठी मी थॉनी हा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं आणि चालवायचं ॲप, सुचवतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो तयार झाला आणि फुकट आहे. थॉनी बसवलं की पायथन त्याच्याबरोबरच येतं, वेगळं काही करावं लागत नाही. उघडल्यावर वरचा भाग कोड लिहायचा आणि खालचा भाग उत्तर दिसायचा. 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'व्हेरिएबल्स' समोर बरोबरची खूण करा. आता कोणत्या नावात कोणती किंमत साठली आहे हे बाजूच्या चौकटीत कायम दिसत राहील. ही चौकट मी कुणालाही बंद करू देत नाही. वर्गातली निम्मी कोडी तिच्याकडे नुसतं पाहून सुटतात.

थॉनी न वापरता पायथनच्या अधिकृत साइटवरून थेट बसवणार असाल, तर विंडोजवर पहिल्याच खिडकीत तळाला 'पाथ'मध्ये पायथन जोडायचा एक चौकोन असतो. त्यावर टिक करायला विसरू नका. तो राहिला तर नंतर "पायथन सापडत नाही" असं उत्तर येतं आणि संध्याकाळ वाया जाते.

फाइल जतन करताना नावाच्या शेवटी 'डॉट पीवाय' हवं. फाइलला 'रँडम' हे नाव देऊ नका. त्याच नावाचं एक मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, पायथनमध्ये आधीपासून आहे. पुढे ते मागवायला गेलात की पायथन तुमचीच फाइल उचलतं आणि भलतीच एरर दाखवतं.

पहिला दिवस

या लेखात मी कोडचे शब्द आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत, वाचायला बरं पडावं म्हणून. टाइप करताना दोन्ही इंग्रजीत करायचे. आपण दिलेली नावं, उदाहरणार्थ 'भाडे', व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो तशी लिहा. पायथनला देवनागरी नावंही चालतात, पण घडोघडी कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो. अवतरणचिन्हांतला मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहा.

प्रिंट("नमस्कार मुंबई")

एफ५ दाबा. खाली वाक्य उमटेल. आता हे तीन प्रयोग करा, आणि प्रत्येक वेळी रन करण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहा.

प्रिंट(४ * २)
प्रिंट("४" * २)
प्रिंट(लेन("मुंबई"))

पहिल्याचं उत्तर ८. दुसऱ्याचं ४४! अवतरणचिन्हात घातलेला ४ पायथनच्या लेखी आकडा उरत नाही. ते एक अक्षर होतं आणि दोनदा लिहिलं जातं. तिसऱ्यात आपण मुंबईची अक्षरं तीन मोजतो, पायथन ५ सांगतं: म, उकार, अनुस्वार, ब, ई. प्रत्येक मात्रा आणि अनुस्वार तो सुटा मोजतो. पुढे कधी मराठी नावांवर काम करायची वेळ आली, तर हा पाच आठवा.

आकडा आणि अक्षर यांतला हा फरक एका दिवसात मुरत नाही. मुरला की पुढच्या अडचणी बऱ्याच कमी होतात.

रिक्षाचं भाडं

आता खरा प्रोग्रॅम. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. त्यात दीड किलोमीटर येतं, आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. रात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त. मध्यंतरी दर बदलले असतील तर तुमच्या रिक्षातल्या कार्डावरचे आकडे घाला, पायऱ्या त्याच राहतील.

वहीत आधी मराठीत लिहा:

किती किलोमीटर गेलो ते विचार.
त्यातले दीड वजा कर.
उरलेल्याला १७.१४ ने गुण.
त्यात २६ मिळव.
उत्तर दाखव.

कोड असा होतो:

अंतर = इनपुट("किती किलोमीटर? ")
भाडे = २६ + (अंतर - १.५) * १७.१४
प्रिंट(भाडे)

रन केलं, ४ टाइप केलं, आणि लाल अक्षरांत एरर आली. इथे अकाउंट्सवाल्या मुलीने लॅपटॉप मिटून ठेवला होता. "मी म्हटलंच होतं, मला नाही जमायचं." मी तिला फक्त शेवटची ओळ वाचायला लावली. त्यात 'टाइप एरर' होतं, आणि पुढे 'एसटीआर' आणि 'फ्लोट' हे दोन शब्द वजाबाकीच्या चिन्हाबरोबर आले होते. एसटीआर म्हणजे अक्षरांची माळ, फ्लोट म्हणजे दशांश आकडा. पायथन सांगत होतं: अक्षरातून आकडा वजा कसा करू? पहिल्या दिवशीचा "४" तिला तिथे आठवला. इनपुटमधून जे येतं ते कायम अक्षरच असतं, त्याचा आकडा आपणच करायचा:

अंतर = फ्लोट(इनपुट("किती किलोमीटर? "))

आता ४ घातले की ६८.८५ येतात. राउंड(भाडे) केलं की ६९. (कुणी उत्तर देताना ४ देवनागरीत टाइप केला तरी फ्लोटला तो कळतो. कोडमध्ये मात्र देवनागरी अंक चालत नाही, तिथे एररच येते.)

उत्तर बरोबर आलं म्हणून थांबू नका. १ घालून बघा. २६ मधून साडेआठ रुपये वजा होऊन १७.४३ येतात. एरर नाही, लाल अक्षर नाही, आणि उत्तर साफ चुकीचं. मीटर २६ च्या खाली कधीच येत नाही. अशी चूक एररपेक्षा घातक असते, कारण ती कुणी ओरडून सांगत नाही. म्हणून प्रोग्रॅम झाला की तीन आकडे घालून बघायचेच: एक नेहमीचा, एक अगदी लहान, आणि एक बरोबर सीमेवरचा, म्हणजे इथे १.५. सीमेवर आपल्याला भाडं तोंडपाठ असतं, त्यामुळे पडताळा लगेच होतो.

वहीत परत जा. कोणती पायरी राहिली? "दीड किलोमीटर किंवा कमी असेल तर सरळ २६." हेच 'इफ':

अंतर = फ्लोट(इनपुट("किती किलोमीटर? "))
इफ अंतर <= १.५:
    भाडे = २६
एल्स:
    भाडे = २६ + (अंतर - १.५) * १७.१४
प्रिंट(राउंड(भाडे))

इफ आणि एल्सच्या ओळीला शेवटी कोलन, आणि त्यांच्याखालची ओळ चार स्पेस आत. आत सरकवलेली ओळ त्या अटीच्या पोटात असते. शेवटचं प्रिंट पुन्हा डाव्या कडेला आलं, म्हणून ते दोन्ही बाबतींत चालतं. चुकून तेही आत गेलं तर एल्सच्या पोटात जाईल, आणि लहान अंतराला पडद्यावर काहीच दिसणार नाही. मुद्दाम तसं करून बघा.

रात्रीचं भाडं तुम्ही स्वतः जोडा. आणखी एक प्रश्न विचारायचा, "रात्री बारा ते पाच? हो किंवा नाही", त्याचं उत्तर 'रात्र' या नावात ठेवायचं, आणि प्रिंटच्या आधी:

इफ रात्र == "हो":
    भाडे = भाडे * १.२५

एक बरोबर म्हणजे "यात हे ठेव", दोन बरोबर म्हणजे "हे दोन्ही सारखे आहेत का". सुरुवातीला सगळेच इथे अडखळतात. चार किलोमीटरचे रात्री ८६ आले म्हणजे तुमचं जमलं. औषधाच्या दुकानातल्या मुलाचे मात्र ६९ च येत राहिले. अर्धा तास शोधल्यावर कळलं की तो "हो" टाइप करून स्पेस देत होता, आणि पायथनला "हो" आणि स्पेसवाला "हो" वेगळे वाटतात. इनपुटच्या कंसापुढे डॉट स्ट्रिप() जोडलं की कडेचे स्पेस गळून पडतात. तो मुलगा आता दुसऱ्यांचा कोड तपासताना सगळ्यांत आधी हेच बघतो.

या एका प्रोग्रॅमवर खुशाल दोन आठवडे घालवा. टॅक्सीचं भाडं जोडा. एकाच वेळी पाच प्रवाशांचं भाडं काढा. भाडं काढायचा भाग 'डेफ' लिहून त्याला नाव द्या, म्हणजे तो फंक्शन होईल आणि हवा तिथे नावाने बोलावता येईल.

एरर वाचायची कशी

खालून वर वाचायची. सगळ्यांत खालच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची आहे ते असतं, त्याच्या वर ओळ क्रमांक. नावात टंकनचूक असेल तर 'नेम एरर' येते, आणि पायथनची आवृत्ती अगदी जुनी नसेल तर "तुम्हाला हे म्हणायचं होतं का" असं जवळचं नावही ते सुचवतं. कोलन राहिला किंवा कंस उघडा राहिला, तर तेही आता स्पष्ट शब्दांत येतं.

वहीच्या मागच्या पानावर एररची यादी ठेवा: एरर, कारण, उपाय, प्रत्येकी एक ओळ. महिनाभरात वीस-पंचवीस नोंदी होतात, आणि मग त्याच त्या परत यायला लागतात.

कोड व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. दोन फुल्यांच्या (*) मधला मजकूर तिथे ठळक होतो आणि फुल्या दिसेनाशा होतात. तुमच्या कोडमध्ये त्याच गुणाकाराच्या खुणा असतात. काही फोन सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हं करतात. पायथनला ती चालत नाहीत आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. फाइलच जोडून पाठवा.

यादी आणि लूप

पश्चिम रेल्वेची स्टेशनं 'स्टेशनं' नावाच्या यादीत लिहा, चर्चगेटपासून: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड, दादर. चौकोनी कंसात, प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत, मध्ये स्वल्पविराम. दादर नववं आहे, पण स्टेशनं[९] मागितलं तर एरर येते. यादी शून्यापासून मोजली जाते: चर्चगेट ०, दादर ८. चर्चगेटहून निघाल्यावर आठवं स्टेशन दादर, असं म्हटलं की लक्षात राहतं.

एल्फिन्स्टन रोडचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं. यादीतही बदला:

स्टेशनं[७] = "प्रभादेवी"

आणि आता लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम पुन्हा पुन्हा:

फॉर नाव इन स्टेशनं:
    प्रिंट("पुढील स्टेशन", नाव)

दोन ओळींत अख्खी गाडी दादरला पोचते. यावर सराव म्हणून फास्ट लोकल करा: महालक्ष्मी, लोअर परळ आणि प्रभादेवी गाळून बाकीची स्टेशनं छापायची. लूपच्या पोटात इफ घालायचं आहे, एवढंच सांगतो. उत्तर दिलं तर तुमचा आनंद जाईल.

वेळ कुठून काढायचा

रोज पाऊण तास. रविवारी एकदम पाच तास बसणाऱ्यांपेक्षा रोज पाऊण तास बसणारे पुढे जातात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. डोंबिवली, विरारहून येणाऱ्यांना लोकलमध्ये लॅपटॉप उघडायला जागा नसते, हे मला कळतं. त्यांच्यासाठी एक युक्ती: रात्री लिहिलेल्या कोडचा फोटो काढून ठेवा. सकाळी गाडीत तो बघून ठरवा, अमुक आकडा घातला तर उत्तर काय येईल? ओळीमागून ओळ डोक्यात चालवा. संध्याकाळी घरी येऊन पडताळा. कोड वाचायची सवय यानेच लागते.

व्हिडिओ नुसते बघू नका. समोर सगळं समजतंय असं वाटतं आणि कोरी फाइल उघडली की हात चालत नाही. दहा मिनिटं बघा, थांबवा, न बघता स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट पहिले तीन महिने बंद. बोटांना कंस आणि कोलन पाठ झाले पाहिजेत.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरावीत का, हे आता सगळेच विचारतात. पहिले दोन-तीन महिने त्यांच्याकडून कोड लिहून घेऊ नका. अडलात तर एरर दाखवा आणि मराठीत सांगा: "याचा अर्थ समजाव, कोड लिहून देऊ नकोस." हा वापर मला मान्य आहे. आयता मिळालेला कोड चालतो, आणि चालतो म्हणूनच आपण त्यात डोकं घालत नाही. मग एक किलोमीटरला १७ रुपये आले तरी लक्षात येत नाही.

क्लास लावावा का

मी स्वतः सुरुवातीला एका क्लासला पैसे भरले होते. फळ्यावरचा कोड वहीत उतरवून घ्यायचा आणि परीक्षेत लिहायचा. सहा महिन्यांत स्वतःच्या डोक्याने एक प्रोग्रॅम लिहिला नाही. आईने साठवलेले पैसे होते ते, म्हणून अजून लागतं. नोकरीची हमी देणारे आणि फीसाठी कर्जाचे कागद पुढे करणारे बरेच असतात. सही करण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणा, आणि मुलं स्वतः टाइप करतात की नुसती बघतात, तेवढं बघा. बसू देत नसतील तर परत या.

फुकटात चांगलं शिकायची सोय आपल्याकडे आहे. पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, ऐकता ऐकता बाजूला करून बघायचे अशा पद्धतीने बांधलेले, आणि बऱ्याच धड्यांना मराठी निवेदन. सरकारच्या 'स्वयम्'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर फी. इंग्रजी व्याख्यान झेपत असेल तर हार्वर्डचा 'सीएस५०'चा पायथनवरचा अभ्यासक्रमही फुकट आहे, त्यातले सराव कठीण पण कसदार आहेत. यातला एकच निवडा आणि संपवा. तीन अर्धवट अभ्यासक्रमांनी काही हाती लागत नाही.

वर्गणीची यादी

दोन-अडीच महिन्यांनी, रिक्षा आणि लोकल झाल्यावर, आम्ही सगळे मिळून मंडळाच्या वर्गणीचा प्रोग्रॅम करतो. गणपतीच्या आधी खजिनदार वही घेऊन दारोदार फिरतात, आणि कुणाची आली, कुणाची राहिली याचा मेळ रात्री उशिरापर्यंत लावत बसतात. हे काम खरं आहे, त्याची वाट बघणारं माणूस समोर आहे. मग शिकणाऱ्याचा हात आपोआप नेटाने चालतो.

गूगल शीट्समध्ये तीन रकाने करा: खोली, नाव, रक्कम. पैसे आले नसतील तिथे शून्य. मग ती सीएसव्ही म्हणून उतरवून घ्या. सीएसव्ही म्हणजे साधी मजकुराची फाइल, रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. वहीतल्या पायऱ्या: फाइल उघड. एकेक ओळ घे. रक्कम आकड्यात बदल. शून्य असेल तर खोली आणि नाव बाकीच्या यादीत टाक, नाहीतर रक्कम एकूणात मिळव. शेवटी एकूण आणि बाकी यादी दाखव. यातलं नवीन फक्त फाइल उघडणं आहे. त्यासाठी पायथनमध्ये सीएसव्ही नावाचं मॉड्यूल तयार आहे. त्यातलं 'डिक्ट रीडर' वापरा, म्हणजे प्रत्येक ओळ रकान्याच्या नावासकट हातात येते आणि ओळ["रक्कम"] असं सरळ मागता येतं.

इथे मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी इंग्रजी व्हिडिओंत सहसा सांगत नाहीत. विंडोजवर फाइल नुसती 'ओपन' केली की बहुतेक वेळा मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात, नाहीतर एरर. फाइल कोणत्या पद्धतीने साठवली आहे हे पायथनला सांगावं लागतं: ओपनच्या कंसात एन्कोडिंग = "यूटीएफ-८-सिग". वाचताना हेच, आणि बाकीची यादी नवीन फाइलमध्ये लिहितानाही हेच, म्हणजे ती एक्सेलमध्ये उघडली तरी मराठी नीट दिसते. 'सिग' नसेल तर एक्सेलमधून आलेल्या फाइलमध्ये पहिल्या रकान्याच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटलेलं असतं, आणि ओळ["खोली"] मागितलं की 'की एरर' येते. नाव तर डोळ्यांना तंतोतंत दिसत असतं! आमच्या वर्गाचा एक अख्खा रविवार यात गेला आहे.

एकूण आकडा खजिनदारांच्या वहीशी ताडून बघा. जुळला नाही तर दोन्हीकडे शोधा. गेल्या वर्षी आमचा आकडा पाचशेने कमी आला. प्रोग्रॅम बरोबर होता, एक खोली शीटमध्ये भरायची राहिली होती.

हे चाललं की कोड गिटहबवर, म्हणजे कोड साठवायच्या साइटवर, ठेवायला शिका, पण लोकांची नावं आणि रकमा असलेली फाइल तिथे चढवू नका. फक्त कोड चढवा.

प्रोग्रॅम खजिनदारांना त्यांच्यासमोर चालवून दाखवा. बघून झाल्यावर ते विचारतील, आमच्यांनी विचारलंच: "गेल्या वर्षी कुणी किती दिले होते, तेही शेजारी दिसेल का?" त्यासाठी दोन फाइली, आणि खोलीचा क्रमांक हा दोघींना जोडणारा दुवा. डिक्शनरीत, म्हणजे एका गोष्टीसमोर दुसरी ठेवायच्या पायथनच्या सोयीत, खोलीसमोर गेल्या वर्षीची रक्कम ठेवा, मग यंदाची यादी वाचताना त्यातून ती शोधा. एखादी खोली गेल्या वर्षी रिकामी होती, तिचं काय करायचं? वही उघडा, ती पायरी आधी मराठीत लिहा.